नावं ठेवणारे गुरुजी

बारशाला गुरुजींना बोलावलं नाही तर ते येतात, आणि बोलावलं तर लवकर येतात. लुना मांडवाच्या खांबाला टेकवायची, खांद्यावरचा दुपट्टा झटकायचा, पाळण्यात डोकावून पोर कोणाच्या वळणावर गेलं ते जाहीर करायचं आणि पहिल्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचं. चहाचा कप हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "नाव काय ठेवून राहिले?"

घरचे एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतं, आत्या कानात सांगेल तेव्हा कळेलच. कोणी उगीच मांडवाबाहेर पाणी बघायला जातं. पण गुरुजींना घाई नसते. चहा फुंकून फुंकून पिणाऱ्या माणसाला कसलीच घाई नसते.

असे गुरुजी भंडारा जिल्ह्यात लाखनी-साकोलीच्या पट्ट्यात गावोगाव सापडतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन महिन्याच्या महिन्याला, गुडघे अजून शाबूत आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही. एवढं जुळून आलं की माणूस मतं बाळगू लागतो. कोणी पाटबंधारे खात्याबद्दल बाळगतो, कोणी जावयाबद्दल. आमच्या गुरुजींनी पोरींची नावं धरली आहेत. (आमचे गुरुजी म्हणजे एक माणूस नव्हे, चौघांचे मिळून एक आहेत. ओळखीचे वाटले तर चौघांपैकी कोणावरही संशय घ्यावा.) पोरांच्या नावात त्यांना रस नाही. पोराचं नाव काहीही ठेवा, म्हणतात, शेवटी त्याला सगळे 'बंटी'च म्हणणार.

नाव कळलं की ते लगेच मत देत नाहीत, आधी परीक्षा घेतात. ती तोंडी असते आणि तीन भागांत चालते. पहिल्यांदा नाव हजेरी घेतल्यासारखं म्हणायचं, सपाट, नजर वहीत. दुसऱ्यांदा धुऱ्यावर उभं राहून बोडीपलीकडच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला हाक मारावी तसं, शेवट लांबवून. तिसऱ्यांदा पुढे चि. सौ. कां. लावून लग्नपत्रिका वाचल्यासारखं. तिन्हींत पास झालेलं नाव परवापर्यंत माझ्या तरी पाहण्यात नव्हतं. 'मायरा' हजेरीत पास झालं पण धुऱ्यावर पडलं. 'आराध्या' हजेरीतच अडलं: बच्चनच्या घरी ते ठेवलं गेलं आणि आता अंगणवाडीत ही हाक मारली की निम्मी अंगणवाडी उठून उभी राहते, हा त्यावरचा आक्षेप. 'कियारा'ला तर परीक्षेलाच बसू दिलं नाही. "किया तं गाडी हाये ना जी? शोरूममधून आणली का पोरगी?" असं म्हणून गुरुजी पाळण्याखाली चाकं शोधल्यासारखं वाकले होते. पोरीच्या बापाने त्या दिवशी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

'शनाया'वर त्यांचा विशेष राग. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 ते 2021 चालली. तीत नागपूरच्या राधिकेचा संसार ज्या बाईने मोडायला घेतला तिचं नाव शनाया. साऱ्या विदर्भाने ती मालिका आपल्या लेकीची कैफियत म्हणून पाहिली, रोज रात्री शनायाला शिव्या घातल्या आणि त्याच काळात दोन घरांनी पोरीचं नाव शनाया ठेवलं. गुरुजी विचारतात, "शिव्या देऊन देऊन पाठ झालं म्हून ठेवलं का?"

नुसत्या वयामुळे कोणी एवढं बोलू धजत नाही. गुरुजींचा खरा अधिकार दाखल-खारीज रजिस्टरातून आलेला. ते लांबलचक, कडेला दोऱ्याने शिवलेलं, निळ्या-काळ्या शाईचं रजिस्टर त्यांनी नोकरीभर लिहिलं. त्यात अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. बदली झाली की शाळा बदलायची, रजिस्टर बदलायचं, अक्षर तेच राहायचं. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जुलैला येतो तो त्यांच्यासारख्यांच्याच कृपेने. आईला पोर भाताच्या रोवणीत झालं एवढंच आठवायचं, गुरुजी मनातल्या मनात सहा वर्षं वजा करायचे आणि शाळा उघडण्याचा दिवस लिहून टाकायचे.

त्यामुळे पोरींच्या नावांचा इतिहास त्यांना खडान्‌खडा पाठ. आधी वारांच्या नि महिन्यांच्या पोरी: मंगळवारची मंगरी, बुधवारची बुधी, फागुनात झाली ती फागू. मग पुराणातल्या, पण पुराणाला ओळखू येणार नाहीत अशा: धुरपता, पार्वता, देवका, भागरथा, अनुसया. मग नद्या आणि फुलं. स्वातंत्र्यानंतर कमला, सरोजिनी, इंदिरा. बाबासाहेब 1954 साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले. दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या पिढीच्या रजिस्टरात विशाखा, सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा ओळीने येऊन बसल्या. हरलेल्या उमेदवाराने शाळेच्या रजिस्टरात एवढं बहुमत मिळवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर सिनेमाच्या मीना, माला, आशा, रेखा, हेमा. त्यानंतर 'ता'ची साथ आली. सुनीता, अनिता, संगीता, वनिता, कविता. एका वर्गात चार सुनीता असायच्या आणि गुरुजी त्यांना मोठी, बारकी, वरठीची आणि चष्मेवाली अशा हाका मारायचे.

जुन्या नावांवर ते बोलू लागले की पवनीपर्यंत जातात. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली खोदकाम झालं, स्तूप निघाला, आणि कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. गुरुजींनी शाळेच्या सहली तिथे नेल्या होत्या. "दोन हजार वर्सं झाली, नाव हाये. अन् तुमी म्हनता पार्वता जुनं झालं! विशाखा बुद्धाच्या काळातली, ते नाव तुमाले नवं वाटते. पार्वता तुमच्या आजीच्या काळातली, ते जुनं वाटते. हिशोब कोनता लावता?" बारशाला आलेल्या मंडळींकडे या हिशोबाचं उत्तर नसतं. त्यांचं लक्ष वड्यांकडे असतं.

मग गुरुजी पुण्या-मुंबईकडे वळतात. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. दोघींचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं की बाई नवी. "तांदूळ आपला अन् नावं त्याहीनं बदलवली!" भंडारा जिल्ह्याच्या धानावर झालेला हा अन्याय ते पोटतिडकीने सांगतात. यमुना हे नाव आता कोणी तरी परत ठेवावं असा त्यांचा आग्रह असतो. ठेवत कोणी नाही.

एवढं ऐकून कोणाला वाटेल की हा माणूस जुन्या नावांचा राखणदार. तसं त्यांनाही वाटतं. पण रजिस्टर ज्यांनी उघडून पाहिलं आहे त्यांना दुसरी गोष्ट माहीत आहे. नोकरीत असताना गुरुजींनी जेवढी जुनी नावं पुसली तेवढी कोणत्याही मालिकेने पुसली नसतील.

पहिलीत नाव घालायला आई पोरीला घेऊन यायची. पदर डोक्यावर, पायाला चिखल. "नाव काय?" "कचरा." आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असायची, म्हणून काळाची नजर लागू नये असं नाव ठेवलेलं. गुरुजी मान न उचलता लिहायचे: कांचन. भागरथा सांगितलं की भारती. पंचफुला सांगितलं की पुष्पा. सगुणा सांगितलं की सुनीता (चारांतली एक ही). पद्धत साधी: पहिलं अक्षर तेच ठेवायचं, म्हणजे आईबापाला फसवल्यासारखं वाटत नाही. आईला वाचता येत नसायचं. बापाला यायचं त्याला वाटायचं, शाळेत असंच म्हणत असतील.

कचऱ्याचं कांचन केलं त्याबद्दल मी गुरुजींना मनापासून नमस्कार करतो. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात नकुशी, नकोशी अशा नावांच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा गुरुजींनी ती बातमी कापून ठेवली. "आमी हेच काम कारकुनीत करून टाकलं होतं. बिनहाराचं, बिनफोटोचं." त्यात खोटं काही नाही. पण भागरथेने कोणाचं काय घोडं मारलं होतं? पंचफुलेला कोण नको म्हणालं होतं? कचऱ्याच्या गाडीत त्यांनी या दोघींनाही बसवून दिलं, आणि निवृत्त झाल्यावर आता त्यांना शोधत लुनावर हिंडतात.

ही गोष्ट त्यांच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. परवाच्या बारशात ती निघाली.

घर शोभाबाईंचं. त्यांची लेक श्वेता पुण्यात कंपनीत आहे, जावईही तिथेच. बाळंतपणाला माहेरी आली, पोरगी झाली. पत्रिकेत अक्षर निघालं 'से'. पूर्वा भाद्रपदा, पहिला चरण. आता 'से'वर नाव शोधायचं म्हणजे अवघड काम. मोबाइलवर 'सेजल' निघालं, दुसरं निघालं ते परदेशी टेनिसवालीचं. आत्या गोंदियाहून येतानाच चाळीस नावांची यादी मोबाइलवर घेऊन आलेली: इरा, आर्वी, रुही, अनाया. 'से'वर एकही नाही. मग श्वेता म्हणाली, "शेवंता ठेवू." आमच्याकडे 'श'चा 'स' व्हायला वेळ लागत नाही. गावात तिला सगळे सेवंताच म्हणणार होते. भटजींचं अक्षर आपोआप जुळत होतं.

मांडवात मतांचा पाऊस पडला. मामा म्हणाले, अरे 'रात्रीस खेळ चाले'तली शेवंता! पोरगी कॉलेजात गेली की पोरं मागून 'अण्णा' म्हणून ओरडतील. आत्याचं तोंड उतरलं, कारण कानात सांगायचं आणि पाठीवर गुद्दे खायचे ते तिने, अन् नाव दुसऱ्याचं. जावयाचा मित्र पुण्याहून आलेला. त्याला नाव 'एकदम क्यूट' वाटलं. त्याच्या सोसायटीत एक गोदा आणि एक रखमा आहे म्हणे, दोघी तीन वर्षांच्या. शेजारची काकू म्हणाली, "आमच्या इथं सेवंता धुनीभांड्याले येत होती." हे वाक्य झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मामांचा आक्षेप मालिकेचा होता, काकूंनी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं.

गुरुजी मात्र खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव तिन्ही परीक्षांत पास होणार असं दिसत होतं. हजेरीचं म्हणून पाहिलं: "शेवंता." हजर. धुऱ्यावरून: "शेवंताऽऽ." बोडीपलीकडे पोचलं. लग्नपत्रिकेला तर शोभलंच. मग ते म्हणाले, आता चौथा पेपर. 1 मे 2024 पासून झालेल्या लेकराच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. म्हणून पूर्ण नाव: "शेवंता श्वेता..." इथे त्यांची जीभ अडखळली. पुन्हा म्हणाले. "श्वेवंता शेता." मांडव हसला. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, उच्चाराला व्यायाम आहे. आणि मग त्यांनी जुन्या नावांवरचं भाषण सुरू केलं. पवनीचा स्तूप झाला, दोन यमुना झाल्या, आणि ते म्हणाले, "हे असं सुंदर नाव आपल्या गावातून गेलंच कसं?"

शोभाबाई घुगऱ्या वाटत होत्या. पातेलं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुमीच घालवलं, गुरुजी."

"मी?"

"माझं नाव शेवंता होतं. तुमची बदली तवा आमच्या गावाले होती. माय मले पहिलीत घालाले घेऊन आली, शेवंता म्हून सांगलं, तुमी शोभा लिवलं. घरी जाऊन बापानं पाटी पाह्यली तवा समजलं."

श्वेताला हे ठाऊक होतं. नाव आईचं म्हणूनच तिने सुचवलं होतं. मांडवाला ठाऊक नव्हतं. आणि गुरुजींना आठवत नव्हतं, म्हणजे आठवत नाही असं ते म्हणाले. पण ज्याला चार सुनीता आठवतात त्याला एक शेवंता आठवणार नाही, यावर कोणाचा विश्वास बसणार?

"तवा माझं काहून खोडलं, अन् आता माझ्या नातीले काहून लावून राहिले?"

गुरुजींनी चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, परत लावला. "बाई, तवा ते नाव जुनं होतं. म्हून खोडलं. आता जुनं नाई राह्यलं."

लोक हसले. शोभाबाई हसल्या नाहीत. "बराबर हाये. माझी माय बांधीतून शेवंते म्हून हाक मारे, तं साऱ्या बायाइले समजे का हेबी पोरगी रोवणीलेच जाईन. शोभा लिवलं तरी मी रोवणीलेच गेली, गुरुजी. नात पुण्याले एसीत राहीन. तिले कोनी चिखलातून हाक मारत नाई. म्हून तिले शोभते."

यावर गुरुजींनी काही म्हणायला हवं होतं. ते माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं. पण गुरुजी म्हणजे माणूस उपायांचा. म्हणाले, नाव परत घेता येतं, राजपत्रात छापून आणू, मी फॉर्म भरून देतो, शेवंताबाई म्हणून आधार काढू. शोभाबाई म्हणाल्या, "सातबाऱ्यावर शोभा, आधारवर शोभा, बँकेत शोभा. नाव बदलवलं अन् लाडक्या बहिणीचे 1500 थांबले, तं तुमी देसाल का?" गुरुजी खाली बसले.

मग बारसं झालं. आत्याने कुर्रर्र करून कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत जरा जास्तच गुद्दे घातले, घुगऱ्या वाटल्या, वडा-भात झाला. पोरगी सगळा वेळ झोपली होती. तिच्यावर एवढी मतं पडली त्यातलं एकही तिने ऐकलं नाही.

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण पोरगी झाली दवाखान्यात आणि जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत होऊन गेली होती, नावाची जागा तेवढी कोरी. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. जावयाला सोमवारी पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं. गुरुजी म्हणाले, तुम्ही सही करून द्या, मी मजकूर भरतो आणि लुनावर नेऊन देतो. झाल्या गोष्टीची थोडी भरपाई त्यांना करायची असावी. जावयाने सही केली. गुरुजींनी खिशातल्या दोन पेनांपैकी शाईचं काढलं, चष्मा सावरला आणि त्या सुरेख, गोलाकार, रजिस्टरी अक्षरात नाव लिहिलं.

जन्मदाखला पुढच्या आठवड्यात आला. त्यावर नाव आहे 'शेवंती'. फुलाचं नाव शेवंती, शेवंता हा बोलीतला अपभ्रंश, सरकारी कागदावर शुद्ध रूप असावं, असं गुरुजींचं म्हणणं. पहिलं अक्षर त्यांनी बदललेलं नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 15 व्या कलमाखाली नोंदीतली चूक दुरुस्त करून मिळते. श्वेताने तसा अर्ज करायचं ठरवलं आहे. अर्ज लिहून द्यायला गुरुजी तयार आहेत.